ऱ्होड्सला तीन दिवस, सोबत आईचे गुडघे

प्रश्न थोडक्यात असा आहे. मे महिन्याच्या सुट्टीत एक कुटुंब ग्रीसला निघालंय: नवरा-बायको, दहा वर्षांचा मुलगा आणि सत्तरीतले आई-बाबा. अथेन्स झालं की ऱ्होड्स बेटावर तीन रात्री. एजंटने दिलेल्या यादीत जुनं शहर, लिंडोस, सिमी बेट, फुलपाखरांची दरी, कालिथेआ आणि वर एका दिवसात जाऊन-येऊन तुर्कस्तानातलं मार्मारिस. आईंचे गुडघे दुखतात, बाबा पक्के शाकाहारी. यातलं काय ठेवायचं आणि काय गाळायचं?

मी गेली सतरा वर्षं मराठी मंडळींना घेऊन ग्रीस आणि तुर्कस्तान करतोय. ऱ्होड्सला किती वेळा उतरलो याचा हिशेब आता ठेवलेला नाही. त्यामुळे यादीकडे नंतर वळतो. तुमची खरी अडचण ठिकाणांची नाहीच. अडचण घड्याळाची आणि पायाखालच्या दगडांची आहे.

आधी दगड. ऱ्होड्सच्या जुन्या शहरात बहुतेक गल्ल्या समुद्रातल्या गोट्यांनी बांधलेल्या आहेत. स्थानिक लोक या कामाला खोख्लाकी म्हणतात. आवळ्याएवढे गुळगुळीत गोटे एकमेकांना खेटून उभे रोवलेले असतात, कुठे काळे-पांढरे मिळून नक्षीही काढलेली असते. फोटोत फार सुंदर दिसतं. पण पातळ तळव्याची चप्पल घालून त्यावर अर्धा तास चाला, मग कळतं. प्रत्येक पावलाला तळपाय थोडा वाकडा पडतो आणि तो हिसका थेट गुडघ्यात जातो. सांगलीच्या एका आजींनी पहिल्या संध्याकाळी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "अहो, हे खडीकरण झालंय, वर डांबर कधी टाकणार?" तेव्हापासून मी निघण्याआधीच्या बैठकीत सगळ्यांचे बूट बघतो.

आईंना किती झेपेल हे मला इथून सांगता येणार नाही, पण तुम्हाला घरीच बघता येईल. एक मजला कठड्याला न धरता चढून लगेच उतरायला सांगा. चढताना दम लागला तर फारशी काळजी नाही. उतरताना गुडघा धरला, तर पुढे लिंडोसबद्दल जे लिहिलंय ते दोनदा वाचा. सहलीत लोक चढाला घाबरतात आणि उताराला फसतात.

आता घड्याळ. ऱ्होड्सच्या बंदरात क्रूझ जहाजं अगदी तटबंदीच्या पायाशी लागतात. उतरलेला माणूस पाच-दहा मिनिटांत समुद्राकडच्या दरवाजांतून आत शिरतो. त्यामुळे जहाजं लागलेल्या दिवशी सकाळी दहा ते दुपारी चार हे शहर तुमचं नसतं. जुन्या शहरातला बाजाराचा सॉक्रेटिस रस्ता म्हणजे मग तुळशीबाग, तीही दिवाळीच्या आदल्या आठवड्यातली. पण सकाळी साडेसातला त्याच गल्लीत मांजरं आणि दुकानासमोर पाणी मारणारे म्हातारे सोडून कुणी नसतं, आणि रात्री नऊला दगडी भिंतींवर पिवळे दिवे लागले की तुमचा मुलगाही गप्प होईल. बंदराच्या संकेतस्थळांवर कोणत्या दिवशी किती जहाजं येणार ते आधीच दिसतं. तीन दिवसांत सगळ्यांत कमी जहाजांचा दिवस जुन्या शहराला द्या, उरलेल्या दोन दिवशी दुपारी भिंतीबाहेर राहा. माझं अर्धं नियोजन एवढ्यावरच चालतं.

राहायचं कुठे, हे यावरूनच ठरतं. माझं मत: तटाच्या आत, पण एखाद्या दरवाजापासून दोन-तीन मिनिटांवर आणि तळमजल्याची खोली. आत बाहेरच्यांच्या गाड्या चालत नाहीत, टॅक्सी दरवाजाशी सोडते आणि तिथून बॅगा गोट्यांवरून ओढायच्या. एका गटाच्या चार बॅगांची चाकं मी एकाच दुपारी गेलेली पाहिली आहेत. म्हणून अंतर महत्त्वाचं. आत राहण्याचा फायदा एकच आहे, पण मोठा आहे: आई दुपारी खोलीवर येऊन दोन तास आडव्या होऊ शकतात आणि संध्याकाळी ताज्यातवान्या बाहेर पडतात. हे जमत नसेल तर मांद्राकी बंदराच्या मागे नव्या शहरात राहा. तिथे सपाट फुटपाथ आणि लिफ्ट मिळते, दृश्य थोडं कमी.

जुन्या शहराच्या दिवशी सकाळी आठला सुरुवात करा, आणि समुद्राकडून नको, वरच्या बाजूने. टॅक्सीला दाम्ब्वाझ दरवाजा सांगा. तिथून खंदक ओलांडून आत गेलात की ग्रँड मास्टरचा महाल जवळच आहे, आणि तिथून पुढचा सगळा रस्ता सौम्य उताराने बंदराकडे जातो. बहुतेक गट खालून वर येतात, तुम्ही वरून खाली जाल. गर्दी समोरून येईल तोवर तुमचं बघून झालेलं असेल.

या महालाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर फसगत होते. जेरुसलेमहून हुसकलेले सेंट जॉनचे नाइट, म्हणजे ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांची एक संघटना, १३०९ साली इथे स्थिरावले आणि दोन शतकं त्यांनी हे बंदर ताब्यात ठेवलं. महाल त्यांच्या प्रमुखाचा, म्हणजे ग्रँड मास्टरचा, पण आज दिसतो तो बराचसा त्यांचा नाही. तुर्की काळात त्याचा तुरुंग झाला होता आणि १८५६ मध्ये समोरच्या चर्चमधल्या दारूगोळ्याचा स्फोट होऊन परिसर उद्ध्वस्त झाला. १९१२ पासून बेट इटलीकडे होतं. त्यांनी १९३७ ते १९४० मध्ये तो पुन्हा उभारला, राजाला आणि मुसोलिनीला उन्हाळ्यात राहता यावं म्हणून. वरच्या दालनांतली जमिनीवरची मोझेक चित्रं शेजारच्या कोस बेटावरून उचलून आणलेली. म्हणजे मध्ययुगीन किल्ला बघतोय असं वाटतं तेव्हा आपण निम्मा विसाव्या शतकातला इटालियन देखावा बघत असतो. मला यात वाईट वाटत नाही, फक्त माहीत असावं. मोठा जिना चढून वर जावं लागतं. आईंना नको असेल तर अंगणात बसू द्या, तळमजल्यावर प्राचीन ऱ्होड्सचं प्रदर्शन आहे, तेही चांगलं आहे.

महालातून निघालात की नाइटांचा रस्ता. जेमतेम दोनशे मीटर लांबीचा. या संघटनेत युरोपच्या निरनिराळ्या मुलखांतले लोक होते आणि भाषेनुसार त्यांच्या 'जिव्हा' म्हणजे तुकड्या पडलेल्या. प्रत्येक जिव्हेचं विश्रामगृह या रस्त्यावर, दारावर दगडात कोरलेली राजचिन्हं. फ्रान्सचं सगळ्यांत नटवं. मुलाला चिन्हं मोजायला लावा, अर्धा तास सुखात जातो. रस्त्याच्या तळाशी नाइटांचं रुग्णालय आहे, तेच आज पुरातत्त्व संग्रहालय. वरच्या मजल्यावर रुग्णांचा लांबच लांब कमानींचा हॉल तसाच आहे. मला या शहरातली सगळ्यांत खरी जागा तीच वाटते, कारण हे लोक लढवय्ये होण्याआधी यात्रेकरूंची शुश्रूषा करणारे होते आणि ते फक्त इथे आल्यावर लक्षात येतं. केस पिळत ओणवी बसलेली छोटी संगमरवरी अफ्रोदिती, ग्रीकांची प्रेमदेवता, इथेच आहे. अंगणात दगडी तोफगोळ्यांचे ढीग आहेत. बाबा मूर्ती बघतील, मुलगा गोळे.

गोळ्यांवरून खंदक. तटबंदीभोवतीच्या कोरड्या खंदकात उतरून चालता येतं, तिकीट लागत नाही, आणि बहुतेक पर्यटकांना हे कुणी सांगतच नाही. दोन्ही बाजूंना उंच भिंती, मधे गवत आणि झाडं, गवतात इकडेतिकडे पडलेले वेढ्यांच्या काळातले गोळे. १४८० सालचा तुर्की वेढा नाइटांनी परतवला. १५२२ मध्ये सुलतान सुलेमान स्वतः आला, वेढा सहा महिने चालला, आणि १ जानेवारी १५२३ रोजी उरलेले नाइट तहाप्रमाणे जहाजांत बसून निघून गेले, पुढे माल्टाला. याच सुलेमानाच्या आरमाराने १५३८ मध्ये पोर्तुगिजांच्या दीवला वेढा घातला होता, हे सांगितलं की आपल्याकडच्या लोकांना नकाशा एकदम जवळचा वाटतो. वसईचा किल्ला पाहिला असेल तर मुलाला एवढंच विचारा: तिथे आत गवत आहे, इथे आत दोऱ्यांवर कपडे वाळतायत, असं का? तट दोन्हीकडे आहे, पण इथे आत वस्ती कधी मोडली नाही. १९८८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं तेही या नांदत्या शहराला.

संध्याकाळसाठी ज्यू वस्ती ठेवा. जहाजांची गर्दी ओसरलेली असते आणि रस्ता सपाट आहे. काहाल शालोम हे १५७७ सालचं प्रार्थनास्थळ, ग्रीसमधलं वापरात असलेलं सगळ्यांत जुनं. १४९२ नंतर स्पेनमधून हाकललेल्या ज्यूंचे वंशज इथे लादिनो नावाची जुनी स्पॅनिश बोलत. जुलै १९४४ मध्ये जर्मनांनी ऱ्होड्सच्या सोळाशेहून अधिक ज्यूंना बोटींत कोंबून आउश्वित्झच्या छळछावणीकडे पाठवलं. जिवंत राहिले ते दीडशेच्या आसपास. शेजारच्या चौकात समुद्री घोड्यांचं कारंजं आहे, भोवती हॉटेलांच्या खुर्च्या, आणि मधे काळ्या दगडाचं स्मारक. लोक त्याला टेकून आइस्क्रीम खातात. तुम्ही दोन मिनिटं थांबून मुलाला सांगा. दहा वर्षांचं मूल समजण्याइतकं मोठं असतं.

कोलोसस, म्हणजे या बेटावरचा प्राचीन काळचा प्रचंड पुतळा. मुलगा पहिल्या दिवसापासून हेच विचारणार. मांद्राकी बंदराच्या तोंडाशी दोन खांबांवर हरीण-हरिणी आहेत आणि प्रत्येक गाइड सांगतो की इथेच दोन पाय फाकून तो पुतळा उभा होता, खालून जहाजं जात. तसं नव्हतं. सुमारे ३३ मीटर उंचीचा ब्राँझचा सूर्यदेव हेलिओस होता हे खरं, लिंडोसच्या खारेसने इ.स.पू. २८० च्या सुमारास पुरा केला, वेढा उठवून गेलेल्या शत्रूचं साहित्य विकून पैसा उभा केला, आणि साठेक वर्षांतच इ.स.पू. २२६ च्या भूकंपात तो गुडघ्यातून मोडून पडला. (गुडघे हा या बेटाचा जुनाच विषय आहे.) पण बंदराच्या तोंडावर फाकून उभा राहिला असता तर बांधताना बारा वर्षं बंदर बंद ठेवावं लागलं असतं. पाय फाकलेलं ते चित्र पुष्कळ नंतरच्या लोकांनी रंगवलं. जागा नक्की कोणती यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मुलाला घेऊन धक्क्यावरून तीन पवनचक्क्या ओलांडून सेंट निकोलसच्या बुरुजापर्यंत जा, सपाट रस्ता आहे, आईही येतील. संध्याकाळी सहानंतर.

लिंडोस. गाळू नका, पण सगळ्यांनी चढायचा हट्टही धरू नका. शहरापासून पन्नासेक किलोमीटर, पूर्व किनाऱ्याच्या बसगाड्या मांद्राकीजवळच्या नव्या बाजारापासून सुटतात. पश्चिम किनाऱ्याच्या बसचा थांबा वेगळा आहे, एवढं लक्षात ठेवा. पाच जण आहात तर सगळे मावतील अशी मोठी टॅक्सी दिवसभरासाठी ठरवणं परवडतं. स्वतः गाडी चालवणार असाल तर भारतातून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या, आणि तिथे गाडी उजवीकडून चालते. लिंडोसला सकाळी साडेआठपर्यंत पोचा. पांढऱ्या गावावर ११६ मीटर उंच कडा, त्यावर नाइटांचा किल्ला आणि आत अथेनाचं देऊळ. तीनशेच्या आसपास पायऱ्या, काही झिजून काचेसारख्या गुळगुळीत. गाढवं मिळतात, पण ती किल्ल्याच्या जिन्यापाशी सोडतात, शेवटचा उभा चढ पायीच आहे, आणि झिजलेल्या पायऱ्यांवरून गाढवावर बसून उतरणं ही माझ्या मते कुठल्याही सत्तरीच्या माणसाला करू देण्याची गोष्ट नाही. गाढवांचे हालही बघवत नाहीत.

म्हणून असं करा. तुम्ही दोघं आणि मुलगा वर जा. बाबांची तब्येत चांगली असेल तर तेही. आई खाली गावात एखाद्या अंगणातल्या कॉफीखान्यात बसतील. वर जाताना मुख्य जिन्याच्या पायथ्याशी थांबा: कड्यातच कोरलेला एका युद्धनौकेचा मागचा भाग आहे, इ.स.पू. दुसऱ्या शतकातला. सुकाणूचं वल्हंसुद्धा दिसतं. या बेटाची सगळी श्रीमंती आरमारावर उभी होती आणि त्या आरमाराचं चित्र म्हणावं तर हेच. लोक वरच्या खांबांचा फोटो काढायच्या घाईत त्याच्या समोरून निघून जातात. फोटो काढा आणि खाली येऊन आईंना दाखवा. दहा-सव्वादहाला उतरा, कारण तेव्हा बसगाड्या भरून लोक येऊ लागतात आणि अरुंद वाटेवर उतरणाऱ्याला चढणारे जागा देत नाहीत.

परतताना कालिथेआ. १९२० च्या दशकाअखेरीस इटालियनांनी बांधलेलं झऱ्याचं स्नानगृह, घुमट, खोख्लाकीची नक्षी, लहानशी खाडी, बसायला सावली. मेमध्ये समुद्राचं पाणी गारच असतं. मुलगा उडी मारेल, तुम्ही घोट्यापर्यंत जाल.

फुलपाखरांची दरी सरळ काटा. ती फुलपाखरं नाहीत, पतंग आहेत, आणि साधारण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंतच तिथे असतात. मेमध्ये तिकीट काढून झाडं बघून यावं लागतं. पहिल्या एक-दोन वर्षांत कंपनीने दिलेला कार्यक्रम डोळे झाकून राबवताना मीही एक बसभर माणसं मे महिन्यात तिथे नेली होती, आणि परतीच्या वाटेवर बसमध्ये जी शांतता होती ती अजून आठवते. मार्मारिसही काटा. बोटीने तासाभराचं अंतर आहे, पण तुर्कस्तानचा वेगळा व्हिसा लागतो. त्याहून महत्त्वाचं, ग्रीससाठी काढलेला तुमचा शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर ग्रीस सोडल्यावर परत शिरता येणार नाही. बॅगा ऱ्होड्सच्या हॉटेलात आणि तुम्ही पलीकडच्या किनाऱ्यावर! व्हिसावर प्रवेशांची संख्या काय लिहिली आहे ते आजच बघा.

सिमीबद्दल मात्र मी ठाम नाही. वारा आणि आईंचा उत्साह, दोन्हीवर आहे. वेगवान बोट तासाभरात नेते. बंदरात शिरताना डोंगरउतारावर पिवळी-केशरी-निळी घरं एकावर एक रचलेली दिसतात, स्पंजाच्या व्यापारातून आलेल्या पैशाची. तो देखावा बोटीतूनच मिळतो, गुडघ्यांना काही करावं लागत नाही. धक्क्यावर सपाट चालायचं, जेवायचं, परत यायचं. वरच्या गावाचा जिना चढायचा नाही. आदल्या संध्याकाळी वारा जोराचा असेल तर बेत रद्द करून मुलाला शहराच्या उत्तर टोकावरचं मत्स्यालय दाखवा.

म्हणजे पहिला दिवस, कमी जहाजांचा बघून, जुनं शहर, दुपारी झोप, संध्याकाळी ज्यू वस्ती आणि मांद्राकी. दुसरा लिंडोस आणि कालिथेआ. तिसरा सिमी किंवा खंदक-मत्स्यालय, आणि सूर्यास्ताला टॅक्सीने मोंते स्मिथ टेकडीवर, जिथे प्राचीन क्रीडांगण आणि अपोलोच्या देवळाचे उरलेले खांब आहेत. तारखा ठरवताना १ मे टाळा. आपल्याकडे महाराष्ट्र दिन, तिथे कामगार दिन, सगळी सरकारी स्मारकं बंद. ऑर्थोडॉक्स ईस्टरही आपल्या कॅलेंडरवर दिसत नाही. २०२७ मध्ये तो २ मेला आहे, त्या दिवशीही कुलूप.

बाबांच्या जेवणाची काळजी ग्रीसमध्ये फार करू नका. इथे पितारूद्या मिळतात: हरभरे, कांदा, टोमॅटो, पुदिना घालून तळलेले वडे. पहिल्या घासाला बाबा म्हणतील हे तर आपलंच. मोठ्या पांढऱ्या घेवड्याचे 'गिगान्तेस', भात भरलेले टोमॅटो म्हणजे 'गेमिस्ता', भाज्यांचं 'ब्रिआम', हे सगळं चालतं. फक्त भरल्या टोमॅटोत आणि द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्यांत कधीकधी खिमा असतो, म्हणून "होरिस क्रेआस, होरिस प्सारी" पाठ करा: मांस नको, मासे नकोत. 'निस्तिसिमो' म्हणजे उपवासाचं, असं ऐकून हुरळून जाऊ नका, त्यांच्या उपवासाला कोळंबी चालते. घरी आणायला मेलेकूनी घ्या. तीळ, मध, बदाम आणि संत्र्याची साल, शंकरपाळ्याच्या आकारात कापलेली, लग्नाला-बारशाला वाटतात. संक्रांतीची तिळाची वडी मधात केली तर कशी लागेल, तशी.

आणि आईंचे बूट आत्ताच घ्या, जाड रबरी तळव्याचे. विमानतळावर पहिल्यांदा घालायचे नाहीत. महिनाभर रोज तेच घालून त्यांना मंडईत पाठवा.